बालवर्गाआधीचे सहा महिने: डबा, झोप, मोबाईल आणि बाकीचं सगळं

जानेवारीत सांगली-मिरजेच्या चौकांत ‘प्रवेश सुरू’चे फलक लागले की ओळखीतल्या आया मला एकच प्रश्न विचारतात. ‘ताई, एबीसीडी पाठ आहे, वीसपर्यंत आकडे म्हणतो. चालेल न्हवं?’ चालेल की. पण बालवर्गात पहिल्या महिन्यात जी मुलं रडकुंडीला येतात, ती आकडे येत नाहीत म्हणून येत नाहीत. कुणाला डब्याचं झाकण उघडत नसतं. कुणाला शू लागलीय हे अनोळखी बाईंना सांगता येत नसतं. कुणी रात्री अकराला झोपून सकाळी साडेसहाला उठवलेलं असतं. आणि कुणाच्या तोंडात समोर मोबाईल असल्याशिवाय आजवर घास गेलेला नसतो. एबीसीडी आम्ही बालवर्गाच्या बाई शिकवू. या चार गोष्टी घरीच व्हाव्या लागतात आणि त्या आठवड्याभरात होत नाहीत. म्हणून खाली सगळं जानेवारी ते जून या क्रमानंच लिहिलंय.

जानेवारी: आधी वय मोजा

महाराष्ट्रात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबर या मानीव तारखेला मोजतात. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. इथे बरेच जण फसतात. डिसेंबर २०२३ चा जन्म असेल तर ३१ डिसेंबर २०२६ ला तीन पूर्ण होतात, म्हणजे जून २०२६ मध्ये नर्सरीत बसता येतं. पण जूनमध्ये ते लेकरू अडीचच वर्षांचं असतं. शेजारच्या बाकावरचं जानेवारीतलं मूल त्याच्यापेक्षा जवळजवळ एक वर्षानं मोठं. या वयात एक वर्ष म्हणजे फार झालं. नियमात बसतं याचा अर्थ घातलंच पाहिजे असा नाही. सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या जन्माचं मूल अजून शू सांगत नसेल, दोन-दोन शब्दांतच बोलत असेल, तर सरळ एक वर्ष थांबा. ‘वर्ष वाया जाईल’ असं घरातले म्हणतील. तीन वर्षांच्या पोराचं काय वाया जायचंय!

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळेत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे दाखल्यावरचं नाव आत्ताच तपासा. ‘बाळ’ किंवा नुसतं आईचं नाव असेल, स्पेलिंग चुकलं असेल, तर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीकडे जाऊन दुरुस्त करून घ्या. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार निळं असतं, त्यात बोटांचे ठसे नसतात; ते पाच वर्षांनंतर द्यावे लागतात.

फेब्रुवारी: शाळा बघायला मुलाला न घेता जा

पहिल्या भेटीत मूल नको. त्याला घसरगुंडी दिसते आणि तुमचं निम्मं लक्ष तिथे जातं.

आधी मुलांचं स्वच्छतागृह बघा, कार्यालय नंतर. भांडं लहान मुलांच्या उंचीचं आहे का, पाणी आहे का, आत जायला मदतीला मावशी असतात का, दाराला आतून कडी असेल तर ती मुलाच्या हाताला लागून अडकेल अशी आहे का. मग वर्गातल्या भिंती बघा. तीस मुलांचे तीस आंबे एकाच पिवळ्या रंगानं, रेघेच्या आत, चकाचक रंगवलेले असतील तर ते मुलांनी रंगवलेले नाहीत, बाईंनी हात धरून रंगवून घेतलेत. एखादा आंबा जांभळा, एखादा नुसता गिरमिटलेला असेल तर तिथे मुलाला हात चालवायला मिळतो.

मग बाईंना एकच प्रश्न विचारा, ‘मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करता?’ ‘आमच्याकडे कुणी रडतच नाही’ हे उत्तर आलं की मी तरी पुढचं दार शोधेन. ‘कडेवर घेतो, खिडकीतून झाड दाखवतो, दहा मिनिटांनी मातीत बसवतो’ असं काही ऐकू आलं तर ठीक.

नर्सरीला पाच वह्या आणि चार पुस्तकं दप्तरात देणारी शाळा भारी, असा एक समज आहे. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तकं नकोत, खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताळायच्या वस्तू हव्यात, असंच म्हटलंय. शिवाय मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानं मनाई आहे. तेव्हा ‘इंटरव्ह्यूची तयारी’ म्हणून पोराला ‘व्हॉट इज युवर नेम’ घोकवत बसू नका.

आणि अंगणवाडीत एकदा डोकावून या. शहरातले लोक तिकडे बघतही नाहीत. महाराष्ट्रात बालशिक्षणाची वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर मुलांना अंगणात जमवून घातली. एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या देशात १९७५ पासून आहेत. तिथे पैसे लागत नाहीत, गरम आहार मिळतो, वजन-उंची मोजतात, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासतं. सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात, सेविका कशी आहे यावर बरंच असतं. पण चांगली सेविका घराजवळ असेल तर अडीच-तीनच्या पोराला पाच किलोमीटर व्हॅनमधून पाठवण्यापेक्षा ती बरी, असं माझं मत आहे.

मार्च: हात आणि तोंड

या महिन्यापासून घरकामालाच अभ्यास समजा. पेन्सिल धरायला तीन बोटांत जो जोर लागतो तो पेन्सिलीनं येत नाही. तो कणकेचा गोळा दाबून, मटार सोलून, कपड्यांचे चिमटे दोरीला लावून, ओला फडका पिळून येतो. तीन-साडेतीनचं मूल खडू मुठीत धरतं, आणि ते बरोबरच आहे. बहुतेकांची तीन बोटांची पकड चार ते सहाच्या दरम्यान बसते. तोवर पाटीवर, फरशीवर, अंगणात मोठ्या रेघा, गोल, नागमोडी काढू द्या. ओळीत अक्षरं बसवायची घाई केली की मूल हाताऐवजी खांद्यानं लिहायला लागतं, आणि मग दुसरीपर्यंत ‘हात दुखतो’ ऐकत बसावं लागतं.

मेथी निवडायला बसवा. पहिल्या दिवशी पानांपेक्षा देठंच जास्त येतील, येऊ देत. लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, धुतलेले चमचे पुसून मोठे-लहान वेगळे लावणं, डब्यांना त्यांची त्यांची झाकणं शोधणं, सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या लावणं. यात मोजणं आलं, जुळवणं आलं, लहान-मोठं आलं. चार माणसं जेवायला आहेत तर चार ताटं मांडायला सांगा. वीसपर्यंत घोकणाऱ्या मुलाला चार ताटं मांडता येत नाहीत, हे मी कित्येकदा पाहिलंय.

आता आपल्या भागासाठी एक सावधगिरी. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तासगाव-मिरज पट्ट्यात घरोघरी द्राक्षांची क्रेट असते आणि पोरं येता-जाता तोंडात टाकतात. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमकं बसतं आणि पाठीत थापट्या मारूनही पटकन निघत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना द्राक्ष उभं चिरून, चार तुकडे करूनच द्या. भडंग देताना त्यातले शेंगदाणे वेचून काढा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे या वयात नकोत; शेंगदाण्याचा कूट चालतो. आणि खाताना मूल बसलेलं हवं, पळत किंवा दुचाकीवर पुढे उभं राहून नाही. डाळी-कडधान्यं निवडायला दिली तर शेजारीच बसा, वाटाणा नाकात घालणारं एक तरी पोर प्रत्येक घरात असतं.

तोंडाचं काम याहून सोपं. मुलाशी घरची भाषा बोला. घरात ‘आलोय बघ, जेवलास का रं’ अशी सांगली-साताऱ्याकडची बोली असेल तर तीच. इंग्रजी माध्यमात घालायचंय म्हणून आई तीन वर्षांच्या मुलाशी ‘बेटा, वॉटर पी’ असं बोलते, तेव्हा पोराला धड मराठी मिळत नाही आणि धड इंग्रजीही. ज्याच्याकडे एका भाषेत भरपूर शब्द आहेत ते मूल दुसरी भाषा शाळेत लवकर उचलतं. रोज एक गोष्ट सांगा, आणि तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका, पुन्हा ऐकतानाच मूल पुढचं वाक्य आधी म्हणायला शिकतं. स्वयंपाक करता करता ‘क’नं सुरू होणाऱ्या वस्तू शोधा: कांदा, कढई, कात्री. अक्षर न दाखवता नुसत्या आवाजाचा खेळ. पुढे वाचायला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा भिंतीवर लावलेल्या अक्षरांच्या तक्त्याचा होत नाही.

एप्रिल: डबा, शू, चप्पल

डबा विकत घेताना मुलाला दुकानात न्या आणि तिथेच उघडून बघायला सांगा. चारी बाजूंनी खटके असलेले हवाबंद डबे आईला आवडतात, कारण त्यातून रस गळत नाही. पण ते खटके उघडायला अंगठ्यात जोर लागतो आणि चौथा खटका उघडताना डबा सटकून सगळी पोळी-भाजी फरशीवर येते. त्या पोराचं तोंड बघवत नाही. एका बाजूचा खटका किंवा साधं दाबून बसणारं झाकण घ्या. मग एप्रिलभर रोज सकाळी दहाच्या सुमारास घरीच डब्यातून खायला द्या: सतरंजी घालायची, डबा उघडायचा, आपल्या हातानं खायचं, झाकण लावायचं, डबा पिशवीत ठेवायचा. तुम्ही शेजारी बसा पण हात लावू नका. झाकण नीट बसत नसेल तर मुलाच्या हातावर हात ठेवून एकदा दाबून दाखवा आणि हात काढा. बाटलीचंही तसंच, फिरकीचं झाकण असेल तर सैल करून द्यायची सवय सोडा.

शूचं प्रशिक्षण उन्हाळ्यात करायचं कारण साधं आहे, चड्ड्या लवकर वाळतात. डायपर दिवसा पूर्ण बंद. उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर जाण्याआधी बसवायचं, आणि दर तासाला ‘शू आलीय का?’ विचारण्याऐवजी ‘चल, शू करून येऊ’ म्हणायचं. विचारलं की या वयाचं मूल ‘नाही’च म्हणतं. चड्डीत झाली तर पुसायला फडकं त्याच्या हातात द्या, ओरडू नका. घरात ‘सूसू’, ‘मुमू’ असा काही खास शब्द असेल तर तो बाईंना सांगून ठेवा किंवा ‘बाई, शू आली’ एवढं वाक्य मुलाकडून रोज म्हणवून घ्या. नाडीच्या, बटणांच्या, पट्ट्याच्या चड्ड्या कपाटात ठेवा, इलास्टिक हवं. घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचं असेल (किंवा उलट) तर मामाच्या घरी, मंगल कार्यालयात, जिथे मिळेल तिथे त्या दुसऱ्या पद्धतीवर बसवून सराव द्या. रात्रीचं अंथरूण ओलं होणं वेगळं, ते पाच वर्षांपर्यंत चालतं, त्यावरून शाळा ठरवू नका.

चप्पल उलटी घालणार. घालू दे. दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला एकेक ठिपका काढा, ठिपके एकमेकांना भेटले की बरोबर.

मोबाईल: हा महिना कुठलाही असो, आजपासून

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन मुळीच नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत काही नाही आणि दोन ते पाचला मोठ्यांसोबत जास्तीत जास्त एक तास, असंच सांगते. हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी जमत नाही, कारण आपण मोबाईल काढून घेतो आणि ती वेळ रिकामी ठेवतो. रिकाम्या वेळेत मूल मोबाईलच मागणार.

तेव्हा आधी दोन-तीन दिवस नुसतं लिहून काढा: मोबाईल केव्हा दिला आणि का दिला. ‘का’ महत्त्वाचं. बहुतेक घरांत चारच वेळा निघतात. संध्याकाळी सहा ते आठ, आई स्वयंपाकात. जेवताना, कारण त्याशिवाय खात नाही. झोपताना. आणि दवाखान्यात, लग्नात, एसटीत, म्हणजे लोकांसमोर आरडाओरडा नको म्हणून. चारही एकदम बंद करायला जाऊ नका. माझा सल्ला जेवणापासून सुरुवात न करण्याचा आहे, तिथे रडारड सगळ्यात जास्त होते आणि तिसऱ्या दिवशी आजीचा जीव कळवळून मोबाईल परत येतो. सुरुवात संध्याकाळपासून करा, कारण ती वेळ भरायला सोपी आहे.

पाच ते साडेसहा बाहेर. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल लागते, त्यातला एक तास दमवणारी. आमराईत न्या, गल्लीत सायकल चालवू द्या, गावात असाल तर गोठ्यात वैरण घालायला सोबत न्या. दमून आलेलं मूल स्वयंपाकघरात शांत बसतं. तिथे त्याची एक जागा करा: पाट, एक बुटकं टोपलं, त्यात तीन-चारच वस्तू, आठवड्याने बदलायच्या. एक दिवस कणकेचा गोळा, एक दिवस रिकामे डबे, एक दिवस पाण्याचं घमेलं आणि दोन भांडी (फरशी ओली होईल, खाली पोतं घाला). पहिले तीन-चार दिवस मूल आधीपेक्षा जास्त रडतं, फोन ओढतं, एखाद्या वेळी मारतंही. ते होणारच आहे. ‘आत्ता मोबाईल नाही, गोळा आहे’ एवढंच म्हणायचं, तेच पुन्हा म्हणायचं. भाषण द्यायचं नाही. मात्र चौथ्या दिवशी हार मानून फोन दिलात तर मूल एवढंच शिकतं की चार दिवस रडलं की मिळतो.

संध्याकाळ बसली की जेवण. मोबाईलवर जेवणारं मूल ओळखू येतं: गाल भरलेला, चावणं थांबलेलं, नजर एकीकडे, आणि आई म्हणते ‘गिळ, गिळ’. त्याला भूक आणि पोट भरणं दोन्ही कळेनासं झालेलं असतं. उपाय असा. सगळ्यांनी एकत्र खाली बसायचं, टीव्ही बंद, मोठ्यांचेही फोन दुसऱ्या खोलीत. ताटात अगदी थोडं वाढायचं, वरणभाताचे चार घास आणि भाकरीचा चतकोर, संपलं की मागू दे. आपल्या हातानं खाऊ दे, सांडू दे. अर्ध्या तासानं ताट उचलायचं, न रागावता. आणि मधल्या वेळेत दूध-बिस्किटं द्यायची नाहीत, नाहीतर सगळं मुसळ केरात. निरोगी मूल दोन-तीन दिवस कमी खाईल आणि मग भरून काढेल. वजन आधीच कमी असेल किंवा नुकतंच आजारातून उठलं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच हे करा.

आजी-आजोबांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेही थकलेले असतात आणि दुपारभर पोर त्यांच्यावरच असतं. ‘आई, मोबाईल देऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘आई, दुपारी झोपवताना गोष्ट तुम्हीच सांगा, तुमची त्याला आवडते’ म्हणा. आजोबांना एखादं काम ठरवून द्या, झाडांना पाणी घालताना नातू सोबत. काम मिळालं की फोन आपोआप बाजूला पडतो.

जो एक तास द्यायचा तो मोठ्या टीव्हीवर, ठरलेल्या वेळी, शेजारी बसून. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. रील आणि शॉर्ट्स या वयाला अजिबात नकोत, दर पंधरा सेकंदांनी बदलणारं चित्र बघितलेल्या मुलाला गोष्टीचं पुस्तक मंद वाटतं. ‘हा भाग संपला की बंद’ हे आधी सांगा आणि बटण त्यालाच दाबू द्या. पार्श्वभूमीला चालू असलेली मालिकाही यात मोजा; कुणी बघत नसलं तरी मुलाचं खेळणं त्यानं तुटतं आणि आपलं त्याच्याशी बोलणंही कमी होतं.

व्हिडिओ कॉल मात्र वेगळा. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, कुणाचे वडील सैन्यात आहेत. रात्री आठला वडिलांशी फोनवर बोलणं, त्यांना चित्र दाखवणं हे त्या तासातून कापू नका, तिथे समोरचा माणूस उत्तर देतो.

मोठ्यांच्या फोनबद्दल एकच. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं की घरात जो तो दर दहा मिनिटांनी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघतो. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, २०१९ च्या महापुरानंतर तर ते बघितल्याशिवाय झोप येत नाही, आणि येऊही नये. पण मुलाला फक्त आपला घाबरलेला चेहरा आणि फोन दिसतो. मोठ्यानं सांगा, ‘पाणी किती आलं ते बघते.’ बघा आणि फोन ठेवा. पुराचे व्हिडिओ त्याला दाखवू नका. पाणी आलं तर आपण कुणाकडे जाणार आणि त्याची कुठली बाहुली सोबत घेणार, हे सांगा. त्या वयाला तेवढी योजना पुरते.

मे: झोप मागे सरकवा

तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची धरून, १० ते १३ तास झोप लागते. रिक्षाकाका साडेसातला येणार असतील तर पावणेसातला उठावं लागेल, म्हणजे रात्री नऊच्या आत दिवा बंद. सध्या अकरा वाजत असतील तर जूनच्या आदल्या रात्री नऊला झोपवून झोप येत नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे या. अकराहून नऊला यायला आठ टप्पे, साधारण महिना. आधी सकाळचं उठणं मागे आणा, रात्रीचं त्यामागून येतं. क्रम रोज तोच: हातपाय धुणं, पाणी, गोष्ट, दिवा बंद. झोपेआधीचा तासभर कुठलीच स्क्रीन नाही. मामाच्या गावाला गेलं की हे सगळं मोडतं. मोडू द्या, आंबे खाऊ द्या, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी परत या.

जून: पहिले दिवस

शाळेची भीती घालून ठेवू नका. ‘थांब, शाळेत बाई सरळ करतील’ हे वाक्य आम्हाला महिनाभर महागात पडतं. पहिल्या दिवशी मूल खेळात रमलंय असं बघून गुपचूप निघून जाऊ नका. वळून बघितल्यावर आई नाही, हे कळलं की दुसऱ्या दिवशी ते फाटकातूनच हात सोडत नाही. सांगून जा, थोडक्यात जा: ‘डबा खाल्लास, गाणी झाली, की मी दारात.’ घड्याळ त्याला कळत नाही, डबा कळतो. तीनदा मागे येऊन पापे घेऊ नका. आणि सुटायच्या पाच मिनिटं आधी खरोखर दारात असा. रडणं पोटात घेऊन बसणारं मूल गेटकडे बघत असतं.

दप्तरात कपड्यांचा एक जादा जोड, चड्ड्या दोन, ओल्या कपड्यांसाठी पिशवी. जून-जुलैत छत्रीपेक्षा रेनकोट बरा. रिक्षात किंवा व्हॅनमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसवणार नाहीत हे आधीच ठरवून घ्या. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला वारंवार होईल, एकमेकांकडून घेतात. ताप असेल त्या दिवशी घरी ठेवा. घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘तुझ्या शेजारी कोण बसलं? डब्यातलं कुणी मागितलं का?’ असं विचारा.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं स्थिरावतात. मधे एकदा पुन्हा चड्डीत शू, अंगठा चोखणं, आईला चिकटणं सुरू होतं, तेही जातं. पण महिना-दीड महिना उलटूनही रोज तितकंच रडत असेल, किंवा रमलेलं मूल अचानक एखाद्या माणसाचं नाव काढलं की घाबरत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका, शांतपणे विचारा आणि त्याचं ऐका. शाळेत जायच्या आधीच अवयवांची नावं आणि ‘चड्डीच्या आतल्या जागेला आई आणि डॉक्टरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि डॉक्टरांनीही आई समोर असतानाच’ हे आंघोळ घालताना साध्या आवाजात सांगितलेलं असावं.

तीन वर्षांच्या पुढेही नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, तीन शब्दांचं वाक्य येत नसेल, बोललेलं घरच्यांनाही कळत नसेल, किंवा येणारे शब्द गेले असतील, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीतल्या तपासणी पथकाकडून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे, तिथे खर्च लागत नाही.

बाईंशी काही बोलायचं असेल तर सुटण्याच्या गर्दीत, गेटवर उभं राहून नको. वेळ मागून घ्या. मूल सोबत असेल तर त्याला आधी झोक्यावर पाठवा. त्याच्या डोक्यावरून ‘हा घरी फार त्रास देतो’ असं बोललेलं ते सगळं ऐकत असतं.